भाव न करणारं गिऱ्हाईक : चित्रं-मूर्ती ऑनलाइन विकताना आलेले पैशांचे अनुभव

गेरूचुना

मंडळी, परवा प्रदर्शनाचं सामान आवरताना आम्ही काही जणी गप्पा मारत होतो. बोलता बोलता कळलं की आमच्यातल्या तिघींना एकाच 'कॅप्टनसाहेबां'चा फोन येऊन गेलाय. वाक्यसुद्धा तेच, "मॅडम, आपकी पेंटिंग बहुत पसंद आयी, वाइफ को गिफ्ट करनी है." एकीने वारली काढलेले पाट विकायला ठेवले होते, दुसरीची सुलेखनाची कॅलेंडरं, माझा कॅनव्हासवरचा चंद्रभागेचा घाट. साहेबांना सगळ्यांचीच 'पेंटिंग' सारखीच आवडली होती.

यावर कुणाशीही बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं, लोक हव्यासापायी फसतात. मला हे पटत नाही. ज्या चित्राकडे महिनोन्महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते कुणीतरी एका फटक्यात, सांगितलेल्या किमतीला घेतो म्हटलं की आपण विरघळतो. त्यात पैशापेक्षा 'कुणाला तरी आवडलं' हेच जास्त असतं. हे लोक नेमके तिथेच हात घालतात.

म्हणून हा धागा. तुमचे किंवा अगदी जवळून पाहिलेले अनुभव लिहा. कुठल्या क्षणी खटकलं, ते जरूर लिहा. पैसे गेले असतील तर पुढे काय काय केलं तेही. नावं, नंबर नकोत. आणि "इतकं साधं कसं कळलं नाही" छापाचे प्रतिसाद दुसरीकडे द्या.

पेणचा पोरगा

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. फोटो टाकले की राज्याबाहेरूनही विचारणा येते, त्यामुळे हिंदीत फोन आला म्हणून काही वाटलं नाही. छावणीतल्या गणेशोत्सवासाठी दीड फुटी पंचवीस मूर्ती हव्या होत्या. दर सांगितला, लगेच "ओके". बाबा शेजारी आखणी करत बसले होते. त्यांनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि विचारलं, "सोंड डावी का उजवी?"

"कोई भी चलेगा."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत डोळे आखायला लागले. उजव्या सोंडेचा गणपती कडक मानतात, घेणारा हे पहिलं विचारतो. शाडू की प्लास्टर, हे तर शाळकरी पोरगंही विचारतं. याला दोन्हीतलं काहीच नको होतं.

मी मुद्दाम बोलत राहिलो, म्हटलं बघू तरी. वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं, कँटीन कार्ड आलं. मग म्हणे, आमचं पेमेंट अकाउंट्स विभागातून होतं, आधी खातं जुळवून घ्यावं लागतं, तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा येतील. पाठवले. खरंच दहा आले. विश्वास बसतो तो इथे. पुढे व्हॉट्सॅपवर क्यूआर कोड. दुसऱ्या फोनवरून स्कॅन केला, तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव, रक्कम आधीच भरलेली २४,५००, आणि खाली 'पे'. हा कानात सांगतोय, "बटन दबाइये, पिन डालिये, पैसा आपके खाते में आ जायेगा." मी म्हटलं, साहेब इथे 'पे' लिहिलंय, म्हणजे मी देणार. झालं, आवाज चढला. "आप फौजी पे शक कर रहे हो?"

आमच्या आळीत खरा फौजी आहे. तो सुट्टीवर आला की मूर्ती नेतो, रोख देतो आणि दहा टक्के कमी करून घेतल्याशिवाय हलत नाही.

निळीशाई

+१. मला सेम 'आर्मी'. फक्त माझ्याकडे पाच नाही, एक रुपयापासून सुरुवात झाली होती.

खिडकी नंबर दोन

मी एका सहकारी बँकेच्या शाखेत आहे. काउंटरवर रोज हेच पाहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

यूपीआयवर पैसे *घ्यायला* पिन लागत नाही. कधीच नाही, कुठल्याही कारणाने नाही. पिन टाकलात म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले. पूर्वी हे लोक 'पैसे मागण्याची' रिक्वेस्ट पाठवायचे आणि माणूस घाईत ती मंजूर करायचा. दोन व्यक्तींमधली ही सोय एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापारी खात्यांची रिक्वेस्ट मात्र तेव्हा बंद झाली नव्हती, शिवाय क्यूआर आहे, ऑटोपेची (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायची) मंजुरी आहे. म्हणजे दार एक बंद झालं, खिडक्या आहेतच.

दुसरं, मेसेज. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. "रु. १५००० जमा" असा मेसेज साध्या नंबरवरून आला तर तो समोरच्याने स्वतः टाइप केलेला आहे. मेसेज खरा दिसला तरी खातं उघडून शिल्लक बघा. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, चित्र आहे. चित्र काढता येतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

तिसरं, नुकसानभरपाईचे गैरसमज. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक अर्धवट वाचतात. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, कुणी तिसऱ्यानेच यंत्रणेतून पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे आधी फोन करा, घरच्यांना नंतर सांगा. लोक नेमकं उलट करतात, आणि तोवर दुसरा, तिसरा व्यवहार झालेला असतो.

मडकंवाली

खिडकीताई, स्क्रीनशॉटचं अगदी खरं. मी सिरॅमिकचे कप-बशा, दिवे करते. स्टॉलवर संध्याकाळी गर्दीत एक जोडपं आलं, बाराशेचा सेट घेतला, फोन माझ्यासमोर धरला. हिरवी खूण, माझं नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोब्बर. नंतर हिशेबाला बसले तर तो व्यवहारच नाही. हुबेहूब यूपीआयसारखं दिसणारं खोटं अ‍ॅप मिळतं म्हणे, त्यात नाव आणि रक्कम भरली की हिरवी खूण.

आता आवाजाचा डबा घेतलाय. तो बोलला नाही तर वस्तू कागदात गुंडाळायची नाही, हे मदतीला येणाऱ्या भाचीलासुद्धा सांगून ठेवलंय. डब्याचं महिन्याचं भाडं जातं त्याची कुरकुर मी आधी करायचे, आता नाही करत. फक्त प्रदर्शनात शेजारीपाजारी सगळ्यांकडे डबे असले की कुणाचा बोलला ते कळत नाही, म्हणून रक्कमही ऐका.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. बायको जलरंगात काम करते, तिची छोटी वेबसाइट आहे. इकडे यूपीआय नाही, पण नाटक तेच, फक्त वेश वेगळा.

तिला मेल आला. माझी पत्नी तुमची साइट माझ्या लॅपटॉपवर बघत होती, तिला काम फार आवडलेलं दिसतंय, लग्नाच्या वाढदिवसाला गुपचूप भेट द्यायचीय, एखादं-दुसरं चित्र उपलब्ध आहे का. मेल गोड होता. ती दिवसभर खुशीत होती, मीही काही बोललो नाही. पण त्यात चित्राचं नाव नव्हतं. नेमकं कुठलं, असं विचारल्यावर साइटवरच्या पहिल्या तीन चित्रांची नावं आली, तीही त्याच क्रमाने. मापं विचारली नाहीत, फ्रेम आहे का विचारलं नाही.

पुढे ठरलेली गोष्ट. मी घर बदलतोय, सामान हलवणारा माणूस चित्र तुमच्याकडून घेऊन जाईल, त्याचेही पैसे चेकमध्ये घातलेत, तेवढे तुम्ही त्याला झेलवर (इकडची फोनवरून पैसे पाठवायची सोय) पाठवा. चित्र सहाशे डॉलरचं, कॅशिअर्स चेक (बँक स्वतःच्या नावाने काढते तो) आला २,९५० चा. कागद जाड, वॉटरमार्क, सगळं झकास.

इकडची मेख समजून घ्या. चेक भरला की कायद्याप्रमाणे बँकेला एक-दोन दिवसांत पैसे वापरायला द्यावे लागतात. खात्यात रक्कम दिसते. पण चेक खोटा असल्याचं कळायला आठवडे लागू शकतात, आणि मग बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून वळती करते. मधल्या काळात 'सामानवाल्या'ला पाठवलेले पैसे तुमचे स्वतःचे असतात. 'उपलब्ध' आणि 'वटला' यांत इतका फरक आहे.

आम्ही तो भरलाच नाही. ज्या बँकेच्या नावाचा होता तिचा नंबर तिच्या साइटवरून शोधून फोन केला, चेकवर छापलेल्या नंबरला नाही. त्या क्रमांकाचा चेक त्यांनी काढलेलाच नव्हता. बायको म्हणाली, "निदान मेल तरी छान लिहिला होता." नंतर शोधलं तर तोच मेल, शब्द इकडेतिकडे करून, कित्येक चित्रकारांना गेलेला सापडला.

शाळामास्तर

भाबडा प्रश्न. दिल्लीच्या एका बाईंनी माझं लाकडी कोरीवकाम पेपालवरून घेते म्हटलंय, 'पैसे जमा, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर टाका की मोकळे होतील' असा मेलही आलाय. हे नेहमीचं आहे का? जाणकारांनी सांगावं.

मापुसा

मास्तर, पार्सल पाठवू नका! पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा बंद केलीये. भारतातल्या खात्यावर ते फक्त परदेशाशी व्यवहार करायला चालतं. दिल्लीच्या बाई पेपालने देतो म्हणतात, तिथेच विषय संपला.

मी गोव्यात राहते, पुस्तकांसाठी चित्रं काढते, गिऱ्हाईक बहुतेक बाहेरचं. 'ट्रॅकिंग दिलं की पैसे मोकळे होतील' हा मेल खोटाच असतो. मेलमधल्या लिंकवर न जाता आपण स्वतः खात्यात लॉगिन करून बघायचं. तिथे नसेल तर नाही. वस्तू पाठवायची ती व्यवहाराच्या पानावर दिसणाऱ्या पत्त्यावरच, "आता भावाकडे पाठव" म्हणाले तरी नाही, कारण पत्ता बदलला की विक्रेत्याचं संरक्षण जातं. 'मित्र-कुटुंब' प्रकारात पैसे घ्यायचे नाहीत. खरेदीदार १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, तेव्हा पाकिटाचा फोटो, वजनाची पावती, मेल, सगळं जपून ठेवा. मी पॅकिंगचा व्हिडिओही करते, लोक हसतात, हसू दे.

शाळामास्तर

बाईंना विचारलं. आधी म्हणाल्या जावयाचं दुबईचं खातं आहे. मग मला ब्लॉक केलं. आभार.

रंकाळ्याकाठी

माझा अनुभव जरा वेगळा आहे, कारण इथे पैसे गेले नाहीत, आले. आणि तेच डोक्याला झालं.

मी कोल्हापूरचा, फोटोवरून पोर्ट्रेट करतो. आजी-आजोबांचं चित्र करून द्या म्हणून एकाने जुना फोटो पाठवला. आगाऊ चार हजार ठरले. खात्यात आले चाळीस हजार. खरेच आले, मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघितलं. पाठोपाठ फोन, "दादा, एक शून्य जास्त पडलं बघा, छत्तीस परत टाका की." पण ते पाठवायचे दुसऱ्याच नंबरवर. आलेल्या खात्याचं नाव एक, मागणाऱ्याचं दुसरं. म्हटलं, ज्या खात्यातून आले तिथेच बँकेमार्फत परत जातील, उद्या शाखेत जातो. त्यावर आजी आजारी, दवाखाना, रडारड. शेवटी शिव्या.

शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला. साहेबांनी पोच दिली. मला वाटलं, सुटलो. काही दिवसांनी त्या चाळीस हजारांवर होल्ड लागला. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून. ज्या खात्यातून पैसे आले होते त्या बिचाऱ्याला कुणीतरी आधीच फसवलं होतं, आणि त्याचे चोरलेले पैसे माझ्या खात्यातून पुढे सरकवायचे होते. मी छत्तीस हजार 'परत' केले असते तर चोरीचा माल पुढे पोचवणारा मीच ठरलो असतो. वर मूळ चाळीसही माझ्याकडून वळते झाले असते.

कामाला काय आलं ते सांगतो. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागून घेतलं. तिथल्या अधिकृत ईमेलवर सगळी चॅट, फोटो, आगाऊ रकमेबद्दलचं बोलणं, बँकेची पोच जोडून पाठवली. माझ्या बाबतीत फक्त तेवढ्याच रकमेवर होल्ड होता, बाकी खातं चालू राहिलं. एका मित्राचं अख्खं खातं गोठलं होतं, रंगाच्या दुकानाची उधारीसुद्धा देता येईना. पोलिसांना हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली आहे, पूर्वी तेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. भांडून उपयोग नाही, कागद द्यायचे.

तेव्हापासून विक्रीचं खातं वेगळं ठेवलंय, त्यात थोडेच पैसे असतात. आणि हो, चार हजाराचं का असेना, बिल करतो. आधी बिल म्हणजे दुकानदारांचं काम वाटायचं.

अवांतर : तो आजी-आजोबांचा फोटो कुणाचा होता देव जाणे. आजीचा चेहरा फार सुंदर होता. केलं असतं चित्र.

गेरूचुना

दादा, बाप रे! चुकून आलेले पैसे परत करणं म्हणजे सज्जनपणा, इतकंच डोक्यात असतं आपल्या. हे इथे आलं ते फार बरं झालं.

पिक्सेलपोरी

मी फर्स्ट इयरला आहे, इन्स्टावर डिजिटल आर्ट टाकते. मला आलेला मेसेज, तुझी पाच चित्रं एनएफटी (चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद) म्हणून घेतो, प्रत्येकी अर्धा इथर (एक क्रिप्टो चलन). मी गुगल करून रुपयात किती होतात ते बघितलं आणि खुर्चीतच उडाले. मग त्याने एका साइटची लिंक दिली, तिथेच मिंट करायचं (म्हणजे चित्राचं एनएफटी बनवायचं), त्याआधी 'गॅस फी', म्हणजे त्या नोंदीचं शुल्क, भरायची. घ्यायचं त्याला, फी मी भरायची? शिवाय नेहमीच्या मार्केटवर ठेवते म्हटलं तर नाही, त्याच साइटवर. मैत्रिणीने भरली फी. मग 'विकलं गेलं' असं दिसलं, पैसे काढायला परत फी. असं चालूच.

रेघोट्या

पैसे थेट न मागणाराही एक प्रकार आहे. मी गेम कंपन्यांसाठी पात्रं रेखाटतो. 'प्रोजेक्टची माहिती आणि संदर्भ चित्रं' म्हणून झिप फाइल आली. आत सगळ्या चित्रांच्या फाइली, एकीचं एक्सटेन्शन मात्र एससीआर. तो प्रोग्राम असतो, चित्र नाही. उघडला की ब्राउझरमधले पासवर्ड, खाती, सगळं जातं. तसंच व्हॉट्सॅपवर 'ऑर्डरचा तपशील' म्हणून एपीके (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर हातही लावू नका. विंडोजमध्ये फाइलींची एक्सटेन्शनं दिसतील अशी सेटिंग आजच करून ठेवा.

जुना फ्लॅटब्रश

तुम्ही सगळे सायबरचं लिहिताय, मी जरा वेगळी कुरकुर करतो. 'आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे' असं पत्र, सोबत सहभाग शुल्क, कॅटलॉग शुल्क, मानचिन्हाचं शुल्क. एकाने माझ्याकडे मागितले होते ते आकडे इथे लिहायची लाज वाटते. प्रदर्शन खरंच झालं, भिंतही होती, बघायला आलेले मात्र सगळे चित्रकारच, आपापले पैसे भरून आलेले. ही फसवणूक म्हणायची की धंदा? कायद्याने बहुधा धंदाच. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून माणूस इकडे वळतो, हेही समजतं मला. पण अर्ज केलाच नाही आणि निवड झाली, असं कसं?

मडकंवाली

फ्लॅटब्रशकाका, ह्यावर वेगळा धागा काढाच. पॉपकॉर्न घेऊन बसते.

अमरावतीचा भाऊ

माह्या शेजारच्या काकूचं सांगतो. त्या पैठणीच्या काठावरल्या मोरासारखे मोर कापडावर रंगवतात, लय सुंदर. क्यूआरवाल्यानं बासष्ट हजार नेले, दोन हप्त्यात. पह्यल्या वेळी पैसे कटले तं म्हणे "गलत हो गया, वापस भेजता हूँ", अन् तोच कोड परत पाठवला. काकूनं परत पिन टाकला.

त्या रडत आल्या तसा मी आधी १९३० लावला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लाइन लवकर लागत नाही, लावतच राहा लागते. ते काय इचारतात ते आधी समोर घेऊन बसा. कोणत्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, अन् व्यवहाराचा बारा आकडी नंबर. तक्रार झाली का पोच क्रमांक येते, मंग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर बाकी तपशील अन् स्क्रीनशॉट. पैसे ज्या ज्या खात्यात फिरले तिथं जेवढे उरले असतीन तेवढे अडकवतात. आम्ही तासाभरात केलं म्हणून दुसऱ्या हप्त्यातले बरेचसे अडकले. पह्यला तं कव्हाच एटीएममधून निघाला होता. अडकलेले परत भेटायला बी कोर्टाची ऑर्डर, कागद, चकरा झाल्या. पण भेटले.

अन् एक. काकूनं रागारागानं फेसबुकवर लिहिलं, तं खाली चार जण हजर, "मी सायबर एक्सपर्ट, पैसे परत आणून देतो, फी फक्त दोन हजार." तेही चोरच. जखमेवर बसाले माशा येतेतच.

निळीशाई

मला कुणी सांगाल का, खऱ्या गिऱ्हाइकाला न दुखावता हे सगळं कसं बोलायचं? माझी अडचण तीच आहे. पिनबिन टाकत नाही मी, पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही. एक बाई खऱ्याच निघाल्या आणि माझ्या चौकशांनी नाराज झाल्या होत्या.

मापुसा

निळीशाई, मी बोलतच नाही. हे सेव्ह करून ठेवलंय, प्रत्येक नव्या विचारणेला, अगदी ओळखीतून आलेल्यालाही, तेच चिकटवते.

"नमस्कार, आवडल्याचं कळवलंत, आनंद झाला. चित्र कुठे लावणार आहात, भिंत केवढी आहे, फ्रेम हवी की नुसता कॅनव्हास, हे कळवा. पैसे या यूपीआय आयडीवर किंवा या खात्यात घेते. मी कोड स्कॅन करत नाही आणि जादा आलेली रक्कम फक्त आलेल्या खात्यातच, बँकेमार्फत परत जाते. खात्यात जमा दिसल्यावर पाठवण्याची तारीख कळवते. कुरिअर मी ठरवते. बिल सोबत येईल."

खरे लोक भिंतीचा फोटो पाठवतात. मग सोफ्याच्या रंगाशी जुळेल का यावर अर्धा तास बोलतात, थोडे कमी करा म्हणतात. बाकीच्यांचं उत्तरच येत नाही.

निळीशाई

ढापते आहे हं. फक्त 'थोडे कमी करा'वाल्यांसाठीही एक मसुदा असेल तर द्या.